सॅक्सोफोनची खुर्ची

बातमी व्हॉट्सअ‍ॅपवर आली. आमच्या ऑर्केस्ट्राच्या ग्रुपवर मालक दिलीपरावांनी टाकली होती, 'आपले जुने वादक हमीदभाई, औसा, यांचे निधन.' खाली जोडलेल्या हातांची रांग. जुने वादक! अहो, काय वाजवत होता तो माणूस, एवढं लिहायला काय बोटं झिजली असती तुमची? मी नांदेडात स्वयंपाकघरात कणीक मळत होते, आणि रडू यायच्या आधी मला संताप आला. सहा आठवडे झाले, तो उतरलेला नाही. म्हणून हे लिहून राहिले.

हमीदभाई सॅक्सोफोन वाजवायचे. घर बँडवाल्यांचं, वडील औशात वरातीत क्लॅरोनेट वाजवत. मी दिवसा दवाखान्यात नर्स, आणि गळा जयंतीच्या कार्यक्रमांत भीमगीतं गाऊन तयार झालेला. दिलीपरावांच्या लातूरच्या ऑर्केस्ट्रात आम्ही दोघं एकाच वर्षी लागलो. तिथं सॅक्सोफोनची खुर्ची गाणाऱ्याच्या उजवीकडं, अगदी हाताच्या अंतरावर असायची. ती उगाच नव्हती. हमीदभाई कागदाकडं बघायचेच नाहीत, माझ्या खांद्याकडं बघायचे. श्वासासाठी खांदा उचलला की त्यांचा तुकडा तिथंच संपायचा, एक मात्रा इकडं नाही की तिकडं. एकदा उदगीरला भर कार्यक्रमात मी दुसरा अंतरा साफ विसरले. त्यांनी मधला तुकडा पुन्हा वाजवला, मग अजून एकदा, वेगळी नक्षी काढून... लोकांनी टाळ्या दिल्या, तेवढ्यात मला शब्द सापडले. खाली उतरल्यावर मी काही बोलायच्या आत तेच म्हणाले, "ताई, तुम्ही इसरल्या म्हणून आज मला पोटभर वाजवायला भेटलं."

भूकंप झाला त्या वर्षी आमचे सगळे कार्यक्रम गेले. हमीदभाईंच्या घराची भिंत पडली, माणसं वाचली. वर्षभर त्यांनी सॅक्सोफोन पेटीबाहेर काढला नाही. गावागावांत माणसं गेलीत, मी कोणत्या तोंडानं वाजवू, म्हणायचे. मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, हमाली केली, पण वाद्य विकलं नाही. ऑर्केस्ट्रा पुन्हा उभा राहिला तेव्हा सगळ्यांच्या आधी हेच हजर, रुमालानं खुर्ची पुसून बसलेले.

मग लातुरात क्लासेसचं पीक आलं. गणपतीपेक्षा गुणवंतांचे सत्कार जास्त व्हायला लागले आणि आम्हाला तिथलीच बोलावणी येऊ लागली. अशाच एका सत्काराला क्लासच्या सरांनी स्टेज पाहिलं आणि सांगितलं, पाहुण्यांच्या सोफ्याला जागा पुरत नाही, एक वादक कमी करा. नवा कीबोर्ड आला होता, त्यात सॅक्सोफोनचं बटन होतं. दिलीपराव माझ्याकडं आले. हमीदभाई तिथंच गळ्यात सॅक्सोफोनचा पट्टा अडकवत उभे होते. दिलीपराव म्हणाले, "ताई, कीबोर्डवर भागतंय की. तुम्हाला काही अडचण न्हाई ना?" गाणारी मी होते. मी अडून बसले असते तर सोफा हलवावा लागला असता. मी म्हणाले, "चालतंय."

एवढा एक शब्द... हमीदभाईंनी पट्टा काढला, नीट घडी घालून खिशात ठेवला, आणि समोर प्रेक्षकांत बसून माझी सगळी गाणी ऐकली. जाताना छान झालं म्हणाले. त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढं कुठल्याच कार्यक्रमात ती खुर्ची लागली नाही. दिलीपरावांवर मी इतकी वर्षं तोंडसुख घेतलं, त्या सरांवर घेतलं. खरी आग माझी माझ्यावरच आहे.

नंतर हमीदभाई मुलीच्या शिक्षणासाठी लातूरला राहायला आले. शेजारी क्लासच्या पोरांचं होस्टेल. अभ्यासात व्यत्यय येतो अशी तक्रार झाली, तेव्हापासून ते सॅक्सोफोनच्या तोंडात टॉवेल कोंबून वाजवायचे. मी भेटायला गेले तेव्हा ते असंच वाजवत होते, गळा दाबल्यासारखा आवाज. माझं डोकं फिरलं. होस्टेलवाल्याशी भांडायला निघाले तर मलाच म्हणाले, "बसा ताई. पोरांची परीक्षा हाय."

मागच्या रविवारी लातूरला शोकसभा झाली. हॉल एका क्लासचाच होता. मला एक गाणं म्हणायला सांगितलं. मी मुखडा गायला, आणि जिथं हमीदभाईंचा तुकडा यायचा तिथं कीबोर्डवाल्यानं बटन दाबून सॅक्सोफोन सुरू केला. त्यांच्याच शोकसभेत! लाज कशी वाटत नाही? मी वळून म्हणाले, बंद करा ते. त्यानं हात काढला. तबला एकटाच चालू राहिला. सोळा मात्रा गेल्या, बत्तीस गेल्या. कोणीतरी खोकलं. दिलीपराव खालून हळूच म्हणाले, ताई, घ्या ना पुढचं. मी माझ्या उजवीकडं बघितलं. तिथं सोफा होता आणि त्यावर दोन पाहुणे बसले होते. मी माईक खाली न घेता त्यांना म्हणाले, "जरा उठता का? ही जागा सॅक्सोफोनची आहे."

ते लगेच उठले. एवढंच म्हणायचं होतं मला, तेव्हा.