रामा नायकाचा भिकू

जिवंत माणसांपेक्षा मेलेल्यांच्या चौकशा जास्त करणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या वडिलांचे स्नेही, आमचे तांड्यावरचे काका. त्यांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरले. काकांनी नेरजवळ जमीन घेऊन कापूस पेरला, पण पायाला भिंगरी तशीच राहिली. लादायला माल नव्हता, म्हणून ते पणजोबाच्या बापाला शोधत फिरत. पणजोबा म्हणजे भिकू. दुष्काळात धान्याचं कोठार फोडलं म्हणून इंग्रजांनी त्याला काळ्या पाण्यावर धाडलं, तो परत आला नाही. मागे बायको आणि पोटातलं मूल. भिकूचा स्वतःचा बाप कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. जाधवांनी वाढवला म्हणून घर स्वतःला जाधव म्हणवायचं. "वाढवलं कोनं ते माहीत आहे, पेरलं कोनं ते पाहून राह्यलो," असं काका तंबाखू मळता मळता सांगत.

छप्पन साली आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला, तेव्हा आपण नेमके कोणाचे हा प्रश्न सगळ्यांनाच पडला होता. काकांना तो आधीपासून होता, एवढंच. एसटीच्या थांब्यावर पांढऱ्या केसांचं कुणी दिसलं की काका शेजारी जाऊन बसत, बिडी पुढे करत आणि थेट त्याच्या खापरपणजोबाच्या तांड्यावर उतरत. लग्नाचं आमंत्रण ते विसरत, मयत कधी चुकवत नसत. "मयतीत चार म्हातारे एका जागी भेटते," म्हणत. उमरखेडकडे एक म्हातारी शेवटच्या घटका मोजत असल्याचं कळलं, तर तिचा मुलगा पोचायच्या आत काका पोचले. सुना तिच्या तोंडात पाणी घालत होत्या आणि हे कानाशी लागून विचारत होते, "याडी, भिकू कोनाचा होता?" याडी म्हणजे आई. लोक त्यांना बाहेर ओढायला उठले, तेवढ्यात म्हातारीनं डोळे उघडले. पोरवयात तिनं बेड्या घातलेल्या भिकूला बाजारात पाहिलं होतं. "गोऱ्या सायबानं इचारलं, कोनाचा रे? थो म्हने, रामा नायकाचा." एवढं सांगून दिवस मावळायच्या आत ती गेली.

नायक म्हणजे तांड्याचा पुढारी. पणजोबा चक्क पुढाऱ्याचा मुलगा निघाला म्हणून काका आमच्याकडे पेढे घेऊन आले, आणि ते वाटून संपायच्या आत त्यांच्या ध्यानात आलं की रामा नायक राठोड होता. म्हणजे आपणही राठोड. आणि त्यांच्या लेकीचं, रुकमीचं लग्न ठरलं होतं राठोडांच्याच पोराशी, गूळही वाटून झाला होता. एका गोताचे ते बहीणभाऊ, त्यांचं लग्न कसं लावायचं? तो पोरगा रुकमीला मनापासून आवडला होता, तिनं ते लपवलंही नव्हतं. काकांनी सोयरीक मोडली. मुलाकडचे हातापाया पडले, तांड्यातल्यांनी मरणाऱ्या बाईचं काय घेऊन बसलात म्हणून समजावलं. काका ढिम्म. "आंधळ्याले माफ असते. मले दिसलं आहे," म्हणाले. मोडलेल्या सोयरिकीच्या पोरीला चांगलं स्थळ कुठून यायचं? उन्हाळा संपायच्या आत बाभुळगावकडच्या एका बिजवराला तिला दिली. तो दारू पिऊन मारतो, हे लवकरच सगळ्यांना कळलं. काका तिकडची एसटी टाळू लागले.

मी तेव्हा नेरच्या कापूस बाजाराच्या फाटकावर गाड्यांची नोंद घ्यायच्या कामाला होतो. काही वर्षांनी एका हंगामात काकांची गाडी आली. "गाडी कोणाची?" मी सवयीनं विचारलं. "लखू नायकाची," काकाही सवयीनं म्हणाले. त्यांच्या तांड्याला नायकाचंच नाव होतं, आणि तिथला कुणीही बाजारात स्वतःला लखू नायकाचाच म्हणायचा. मला थट्टा सुचली. "काका, लखू नायक तुमचे वडील कधीपासून झाले?"

काका हसले. मग हसायचे थांबले. मागचे गाडीवाले शिव्या घालू लागले तरी त्यांनी कासरा हलवला नाही. भिकूनं साहेबाला बाप सांगितला नव्हता, तांडा सांगितला होता.

कापूस तसाच आडत्याकडे टाकून ते माझ्याकडे आले. "चाल माह्यासंगं बाभुळगावले. एकट्यानं जावत नाही," म्हणाले. रुकमी चुलीपुढे भाकरी करत होती. इतकी वाळली होती की मी आधी तिला ओळखलंच नाही. काकांनी भिंतीकडे बघत सगळं सांगितलं. तिनं भाकरी उलटली.

"मले तवाच माहीत होतं, बापू. तांड्यातलं शेंबडं लेकरूबी बाजारात नायकाचंच नाव सांगते."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुम्ही मेलेल्याइले इचारून राह्यले होते. मले कुठी इचारलं?" ती म्हणाली, आणि तिनं भाकरी त्यांच्या ताटात टाकली. "खा. थंडी होईन."

काकांनी ती मोडली नाही. त्यानंतर भिकूचं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. आता काका नाहीत, रुकमी तिथंच नांदते आहे. काकांवर रागवायचं मी कितीदा ठरवलं, पण जमत नाही. त्यांच्या ओट्यावरच्या गप्पांची अजून हुरहूर लागते. मग चुलीपुढची रुकमी आठवते, आणि हुरहूर लागल्याचीच लाज वाटते.