पाटीवरचं वारं

आमच्या घरात हवेला वारं म्हणायचे. सायकलच्या ट्यूबमध्ये वारं, फुग्यात वारं, आजोबांच्या पोटातही वारंच. पुण्याकडून एकदा पाहुणे आले, ते ऐकून हसत सुटले. तुमच्या मराठीला डांबरगोळ्यांचा वास येतो, म्हणाले. येऊ दे. इतक्या पिढ्या कुंभकोणमला राहून आम्ही ती टिकवली, तीही देवनागरीवाचून. लिहायची वेळ आली की आम्ही मराठी तमिळ अक्षरांत लिहीत असू. देवनागरी मी साठी उलटल्यावर नातीच्या अंकलिपीवरून शिकलो.

तमिळ अक्षरांत वारं लिहिलं की ते वारम् होतं, आणि तमिळमध्ये वारम् म्हणजे आठवडा. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. म्हणूनच मला क्षमा नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी एका खाजगी बसमालकाच्या शेडमध्ये मेकॅनिक होतो. सकाळची पाळी माझी, दोननंतरची माझ्या मावसभावाची. एक जाई, दुसरा येई, भेट क्वचितच. दारामागे एक पाटी टांगलेली असायची. उरलेलं काम पहिल्यानं तिच्यावर खडूनं लिहायचं, ते झालं की दुसऱ्यानं पुसायचं. आम्ही भाऊ पाटीवरही घरचंच बोलत असू. तमिळ अक्षरं, मराठी शब्द. मालकाला, म्हणजे मुदलाळींना, त्यातलं ओ की ठो कळत नसे आणि आम्हांला त्याची भारी मौज वाटे. मुदलाळी चिकट आहेत हेसुद्धा त्या पाटीवर त्यांच्या डोळ्यांदेखत लिहून झालं होतं.

तेव्हा हवेच्या ब्रेकच्या नव्या गाड्या आल्या होत्या. पायाला जोर लागत नाही म्हणून ड्रायव्हर खूश. पण त्या ब्रेकची एक गोष्ट उलटी होती. मागच्या चाकांपाशी दणकट स्प्रिंग होत्या आणि हवा त्यांना दाबून धरी. हवा गेली की स्प्रिंग सुटून चाकं आपोआप आवळत, मग गाडी जागची हलत नसे. ब्रेक निकामी होऊन गाडी सुसाट जाऊ नये म्हणून केलेली ही सोय. चांगलीच सोय होती, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी दुपारी पापनाशम् मार्गाची गाडी शेडमध्ये उभी होती. इंजिन बंद केल्यावर मागून बारीक फुसफुस ऐकू आली. खाली शिरून साबणाचं पाणी लावलं, तर मागच्या चाकाकडे जाणाऱ्या हवेच्या नळीवर बुडबुडे. रबराला चीर गेली होती. नवी नळी दुकानातून आणायची, तासाभराचं काम, गाडी सुटणार चारला. दोन वाजायला दहा मिनिटं होती आणि मला भूक लागली होती. मी पाटीवर गाडीचा नंबर लिहिला, पुढे ‘मागची नळी’ हे तमिळमध्येच लिहिलं, कारण सुट्या भागांना आमच्याकडे मराठी शब्दच नाहीत. आणि त्यापुढे, हातवळणी पडलेलं, वारं. वारं जातंय, एवढंच भावाला सांगायचं होतं.

भाऊ त्या दिवशी येणारच नव्हता. पोटुशी बायको घेऊन तो तिरुक्करुगावूरला देवीच्या दर्शनाला गेला होता. आदल्या दिवशीच मला म्हणाला होता, “उद्यां मी नाही रे, दुसरा येईल, त्यास नीट सांगून जा.” मी हो म्हटलं होतं. जेवताना आठवलं. म्हटलं, पाटीवर लिहिलंय की.

बदलीवर आलेला तमिळ मेकॅनिक माझ्यापेक्षा वयानं मोठा, सरळ माणूस. त्यानं पाटी वाचली, मागची नळी, आठवडा. म्हणजे आठवड्याभरात बदलायची. त्यानं तसं वहीत उतरवलं, पाटी पुसली आणि चारला गाडी सोडली.

सुंदरपेरुमाळ कोयिलच्या पुढे शेतातून जाणारा रस्ता रूळ ओलांडतो. तिथं तेव्हा फाटक नव्हतं. रुळांच्या चढावर गाडीला हिसका बसला, चिरलेली नळी फाटली, सगळी हवा गेली आणि ब्रेकनं आपलं काम चोख केलं. चाकं रुळांवरच आवळली गेली. ड्रायव्हरनं आधी सगळ्या माणसांना उतरवलं. मग तो परत चढला. इंजिन जोरात चालवलं की हवेची टाकी भरते आणि ब्रेक सुटतो, हे त्याला मीच शिकवलं होतं. नळी फाटली असेल तर टाकी जन्मात भरत नाही, हे शिकवायचं राहिलं होतं. आगगाडीची शिटी त्याला इंजिनच्या आवाजात ऐकू आली नसावी. सगळे उतारू वाचले, तो तेवढा गेला. पान लावताना पहिला विडा तो नेहमी माझ्या हातावर ठेवायचा.

दुसऱ्या दिवशी मुदलाळींनी मला आणि बदलीच्या मेकॅनिकला समोर उभं केलं. मेकॅनिक म्हणाला, “यानं आठवडा लिहिलं होतं.” मुदलाळींनी मला विचारलं, “तू काय लिहिलंस?”

मी तमिळमध्ये उत्तर दिलं, “हवा लिहिलं होतं. कात्तु.”

खोटं नव्हतं. नरो वा कुंजरो वा म्हणतात, तसं. कुठल्या भाषेत लिहिलं ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पाटी तर पुसलेली होती. मुदलाळी त्याच्यावर ओरडले, कात्तु आणि वारम् यांतला फरक कळत नाही, डोळे आहेत की खोबण्या? तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच दिवशी त्याला काढलं. भावाला मी घरी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “पोरं आहेत तुज. उगा रहा.” अळीमिळी गुपचिळी. मला बरं वाटलं, याची आजही लाज वाटते.

पाच-सहा वर्षांनी पापनाशम् रस्त्यावर माझी सायकल पंक्चर झाली. पुढच्या टपरीवर तोच मेकॅनिक बसला होता, हातपंप घेऊन. त्यानं ओळखलं, पण दाखवलं नाही. पंक्चर काढलं, पंप मारायला लागला. मारता मारता, मान वर न करता म्हणाला, “तुम्ही घरात मराठी बोलता ना?”

“हो.”

“मग कात्तूला घरी काय म्हणता?”

चाक भरत आलं होतं. समोर भाताच्या शेतात बगळे उतरले होते. त्याला सगळं कळलेलं होतं. त्याला फक्त माझ्या तोंडून एक शब्द हवा होता.

मी म्हणालो, “कात्तूच म्हणतो.”

त्यानं बोटानं चाक दाबून पाहिलं, व्हॉल्व्हला टोपण लावलं आणि सायकल माझ्या हातात दिली.