सगळ्यात जड क्लिप

स्टुडिओत तिला सगळे कात्रीबाई म्हणत. लग्नांची, भाषणांची, उद्घाटनांची शूटिंगं कापून-जोडून सुबक करण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. तरी परवा मालकाने सांगितलं, "जुनं मशीन भंगारात चाललंय. नवं सॉफ्टवेअर शिका, नाहीतर तुमच्या खुर्चीवर दुसरं कुणी बसेल." क्लास तीन महिन्यांचा होता आणि स्वतःचा लॅपटॉप आणायची अट होती. तो धड चालला नाही तर शिकणंही गेलं आणि खुर्चीही गेली.

दुकानात सोबत दीर आले होते. धंदा विम्याचा, पण त्यांना कळत नाही असं जगात काही नव्हतं. दुकानदाराचा विमा त्यांच्याकडेच, म्हणून फोनवरूनच त्यांनी एक लॅपटॉप बाजूला काढून ठेवायला लावला होता. जिला तो वापरायचा तिला विचारावं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

आत शिरताच तिला शिसारी आली. भिंतभर लॅपटॉप आ वासून पडलेले आणि सगळ्यांवर एकच व्हिडिओ, रंगांचे फवारे उडताहेत, पुन्हा उडताहेत. असल्या व्हिडिओत डबडंसुद्धा देखणं दिसतं. पडदे इतके चकचकीत, की चित्राआधी छतावरचे दिवे दिसत होते.

"सर, हा बघा, तुमच्यासाठी काढून ठेवलेला," सेल्समन दिरांना म्हणाला. "एकदम स्लिम."

"काम मी करणार आहे," ती म्हणाली. "ग्राफिक्स कार्ड वेगळं आहे का यात?"

"मॅडमसाठी का? मग यात गुलाबी रंगपण येतो."

तिच्या तोंडाची चव गेली.

"वहिनी, फार खोलात शिरू नका," दीर म्हणाले. "तुम्हाला कुठे सिनेमा काढायचाय?"

तिने पर्समधून हार्ड डिस्क काढली. क्लासच्या सरांनी बजावलं होतं, दुकानातल्या व्हिडिओवर भुलू नका, तुमच्याकडची सगळ्यात जड क्लिप लावून बघा. तिच्याकडची सगळ्यात जड क्लिप म्हणजे दिरांच्या नव्या ऑफिसच्या उद्घाटनाचं मूळ शूटिंग, अजिबात न कापलेलं.

"अरे वा, आमचाच कार्यक्रम!" दीर खुलले. त्यांनी दुकानदारालाही बोलावून घेतलं.

स्लिम लॅपटॉपवर दिरांनी फीत कापायला हात उचलला आणि तो हात तिथेच अडकला. मग चित्र धडपडत पुढे गेलं. आवाज आधी, ओठ मागून.

"ओठ मागे पडताहेत," ती म्हणाली.

"कुठे? मला तर दिसत नाही," सेल्समन म्हणाला.

दिसत नाही आणि विकायला बसलाय. तिला या माणसाचा, या दुकानाचा, त्या फवाऱ्यांचा उबग आला. दुसरा लॅपटॉप, कीबोर्डखाली लाल-निळे दिवे लुकलुकणारा, पाच मिनिटांत तव्यासारखा तापला.

कोपऱ्यात एक जाडजूड, करड्या रंगाचा, निस्तेज पडद्याचा पडून होता. "ते जुनं मॉडेल आहे, दिसायलाही बरं नाही," दुकानदार म्हणाला. तिने स्वतःच डिस्क जोडली.

फीत कापली गेली. टाळ्या वाजल्या. पाहुणे खायला वळले. टेबलावर चालूच राहिलेल्या कॅमेऱ्यासमोर दीर एका पाहुण्याशी बोलत उभे होते. एकही चित्र अडखळत नव्हतं.

"व्हिडिओ कोण बनवणार?" पाहुण्याने विचारलं.

"आमची वहिनी. डोकं काय लागतंय त्याला? बटणं तर दाबायची. घर दादाच चालवतो, हिला आपला विरंगुळा."

दुकानदार खाली बघू लागला. सेल्समनने उगाच एक वायर गुंडाळायला घेतली.

"हे... हे व्हिडिओत नव्हतं," दीर म्हणाले. तो व्हिडिओ त्यांनी गावभर दाखवला होता.

"मी कापलं होतं," ती म्हणाली.

तिने क्लिप मागे नेली आणि तेवढाच तुकडा पुन्हा लावला. पडद्याजवळ वाकून, दिरांचे ओठ आणि आवाज शब्दाशब्दाला जुळतात ना, ते नीट तपासलं. मग सरळ उभी राहून सेल्समनला म्हणाली, "हाच बांधून द्या."