विहिरीला विचारून उतरणारा

दोरीला झटका आला नाही.

मी मोजत होते. त्याचा नेम साठाचा. साठाच्या आत तो पडलेलं भांडं दोरीला बांधायचा आणि दोनदा झटका द्यायचा, मग वरच्यांनी ओढायचं. साठ झाले. ऐंशी झाले. काठावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. माझ्या हातातली दोरी ढिली पडली होती. खालून बुडबुडे आले, मग तेही थांबले. पलीकडच्या काठावर माझा बाप उभा होता. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं आणि तो काही बोलत नव्हता. का बोलत नव्हता, ते मला थोड्या वेळानं कळलं.

पण आधी हा माणूस कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला त्याची काळजी कशाला वाटेल?

दारव्ह्याच्या अलीकडे आमचं गाव, आणि गावाला लागून त्याचा तांडा. त्याचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरले होते. हा मात्र कुठं फिरला नाही. चार तासं, म्हणजे चार ओळी, कापूस पेरायचा आणि लोकांच्या विहिरीत उतरायचा. कुणाची बादली पडली, कुणाची घागर पडली, की त्याला बोलावणं जायचं. आम्ही पोरं त्याला बाबा म्हणायचो, मोठी माणसं बुडीवाला म्हणायची. अंगानं कापसाच्या वाळलेल्या पऱ्हाटीसारखा. डावा कान पाण्यानं गेलेला, म्हणून बोलायचा ते अख्ख्या शिवाराला ऐकू जायचं.

विहिरीपाशी आला की चपला लांब काढायचा, पाय धुवायचा, मग वाकून खाली पाहत म्हणायचा, "याडी, येऊ का?" याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. उत्तर आल्यासारखा थोडा थांबायचा आणि उतरायचा. लोक हसायचे. "पाण्यातच जायचं हाय, तं पाय कायले धुतं?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, "तुह्या घरात मी चिखलाचे पाय घेऊन आलो तं चालंन का?"

त्या वर्षी मी चौथी पास झाले आणि शाळा संपली. गाव नुकतंच मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलं होतं. मास्तर ते मोठ्यानं सांगायचे. आम्हाला काही फरक दिसला नाही. विहिरी जिथल्या तिथंच होत्या.

मला पोहता येत होतं, आणि गावातल्या कुठल्याही पोरापेक्षा चांगलं येत होतं. आई कपाळावर हात मारायची. "पोरीची जात अन् बेंडकासारखी पाण्यात!" मला पोहण्याचा आनंद नव्हता, मारामारीची हौस होती. पाण्यावर हात असे आपटायची की जणू पाण्यानं माझं काही चोरलंय. एकदा मी एका पोराचं डोकं पाण्यात दाबून धरलं, कारण तो माझ्या पुढं गेला होता. बाबा काठावर होता. त्यानं मला दंडाला धरून बाहेर काढलं.

मला वाटलं, आता मारतो. तो म्हणाला, "छोरी, तुले बुडी शिकाची हाय का?"

"हो."

"मंग पंधरा दिवस पाण्यात उतरू नको."

असला मास्तर तुम्ही पाहिलाय का? मी नव्हता पाहिला. रोज सकाळी तो मला विहिरीच्या शेवटच्या पायरीवर बसवायचा, पाय पाण्यात सोडायला लावायचा आणि सांगायचा, "मासोळ्या पायाले तोंड लावत नाई तोवर उठू नको." मी पाय हलवले की मासोळ्या पळायच्या. चिडले की नुसत्या चिडण्यानंही पळायच्या, त्यांना कसं कळायचं देव जाणे. तो वर बसून तंबाखू मळायचा.

"आल्या का?"

"नाई."

"तू घाईत हायेस. घाई असंन तं वरच राह्य."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. भाकरी करपली तरी हेच, बैल अडला तरी हेच. त्याची बायको म्हणायची, "याले पोरगं झालं तवा बी हेच म्हणला मले."

नवव्या दिवशी मी कंटाळून सगळं सोडून दिलं. राग सोडला, मासोळ्यांची वाट पाहणं सोडलं, उगाच पाण्याकडे पाहत बसले. आणि अंगठ्याला गुदगुली झाली. मग दुसऱ्या पायाला. मी हसले नाही, श्वाससुद्धा हळू घेतला. वर पाहिलं तर बाबा दोन्ही हात वर करून नाचत होता. म्हातारा माणूस, एका पायावर!

मग त्यानं मला बुडी शिकवली. हात कसे मारायचे ते सांगितलंच नाही. खाली जायचं, तळाला बसायचं, हाताला जे लागेल ते ओळखायचं आणि वर येऊन सांगायचं. दगड, खापर, गाळ, कुणाची तरी जुनी कडी. "डोळ्यानं पाहू नको, खाली डोळे खोटे बोलते," म्हणायचा. "अन् पाणी तुहं दुश्मन नाई. त्याले तुही खबरबी नाई."

पोळ्याच्या दिवशी आमच्याकडे मोठ्या विहिरीत पितळी गडवा, म्हणजे छोटा तांब्या, टाकायचे. जो वर आणेल त्याला नारळ आणि पाटलाच्या हातचा फेटा. त्या वर्षी मी पोरांमध्ये उतरले आणि पहिल्या बुडीत गडवा आणला. पायरीवर उभी राहून हरलेल्यांना वाट्टेल ते बोलले. फेटा माझ्या डोक्यावर येणार, तेवढ्यात बाबा ओरडला, "थांबा! पोरी, गडवा परत टाक."

"काहून?"

"टाक म्हणतो ना."

मी टाकला. दुसऱ्या खेपेला तो एका शेंबड्या पोरानं आणला आणि फेटा त्याला गेला. त्याचं अर्धं तोंड फेट्यात बुडालं होतं. मी विहिरीमागं जाऊन रागानं रडले. बाबा आला, भाजलेलं कणीस माझ्या हातात दिलं आणि शेजारी बसला.

"गडवा कोनाचा होता वं?"

"पाटलाचा."

"विहीर कोनाची?"

"गावाची."

"मंग तुहं काय गेलं?"

मी खूप शोधलं. काही सापडलं नाही. कणीस खाल्लं. खरं सांगते, तेवढं गोड कणीस पुन्हा लागलं नाही. संध्याकाळी त्या पोराला फेटा नीट बांधून दिला, कारण त्याला पुढचं दिसत नव्हतं.

आता दोरीपाशी येते.

दिवाळी झाली होती, कापूस फुटला होता. आमच्या वावराच्या बांधावर एक विहीर होती, अर्धी आमची, अर्धी शेजाऱ्याची. पिण्याचं पाणी तिचंच. कापूस वेचता वेचता शेजारीण पाणी काढायला गेली आणि तिची कळशी आत पडली. बाबाला बोलावलं. त्यानं पाय धुतले, विचारलं, उतरला. दोरी माझ्या हाती दिली.

बाकीचं तुम्हाला माहीत आहे. ऐंशी झाले, नव्वद झाले. माणसं ओरडायला लागली. कुणी म्हणालं गळ आणा, कुणी म्हणालं गावातून माणसं आणा. मी दोरी शेजारणीच्या हातात दिली आणि पायऱ्या उतरले. पाय धुवायला वेळ नव्हता. पण खाली वाकून मी विचारलं, "याडी, येऊ का?" वरून आई किंचाळली, "पोरगी येडी झाली वं!" मी एक श्वास घेतला, पूर्ण घेतला, आणि गेले.

खाली हिरवा अंधार होता. मी डोळे मिटून घेतले. आधी त्याचा खांदा लागला, मग हात. त्या हातानं मला ओढलं नाही. बुडणारा माणूस काय करतो ते मला माहीत होतं, त्यानं तसं काही केलं नाही. माझा हात धरला आणि सावकाश आपल्या घोट्यावर नेऊन ठेवला. घोटा दोरात अडकला होता, आणि त्या दोरानं अंबाडीचे पेंढे बांधलेले होते.

अंबाडी पाण्यात कुजवतात, तिच्या सालीचा वाख, म्हणजे धागे, काढतात आणि दोर वळतात. कुजताना पाणी काळं पडतं, घाण वास सुटतो, म्हणून ते काम नाल्यात करायचं असतं. त्या वर्षी नाला लवकर आटला. माझ्या बापानं आदल्या दिवशी कुणाला न सांगता पेंढे या प्यायच्या विहिरीत सोडले, आणि वर तरंगून दिसू नयेत म्हणून त्यांवर दगड ठेवले. बाबा उतरला तेव्हा बाप बोलला असता तर बाबानं पाय जपून टाकला असता. पण बोलला असता तर चोरी उघडी पडली असती.

गाठ सुटेना. पाण्यानं ती फुगून लोखंड झाली होती. मी तिच्याशी भांडले नाही. हात पुढं सरकवला. पेंढा, त्यावर दगड. एक दगड ढकलला, गेला. दुसरा मोठा होता. पाय भिंतीला लावले आणि पाठीनं रेटला. छाती फुटायला आली होती, पण मन पायरीवर बसलेलं होतं. दगड कलंडला, आणि आत अजून पाणी न मुरलेला अंबाडीचा तो पेंढा उसळी मारून वर निघाला, बाबाला पायाला धरून!

मी वर आले तेव्हा बाबाचे पाय आकाशाकडे होते आणि डोकं अजून पाण्यात. लोकांनी त्याला ओढून पायरीवर घेतला, पालथा घातला, पाठ बडवली. तो खोकला, ओकला, पुन्हा खोकला. त्याच्या पायाशी पेंढा तरंगत होता. काठावरचे सगळे पेंढ्याकडे पाहत होते आणि मग माझ्या बापाकडे. बापानं डोक्यावरचं पागोटं काढून बाबाच्या पायावर ठेवलं.

बाबानं अंबाडीची एक काडी मोडून पाहिली.

"कच्ची हाय अजून," तो त्याच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाला. "पंधरा दिवस तरी लागन. नाल्यात खड्डा खंदून टाकजो."

आधी शेजारीण हसली. मग सगळे हसले, आईसुद्धा, रडता रडता. माझा बाप एकटा हसला नाही. गावानं त्याला शिक्षा दिली ती बरोबरच दिली. आमचे बैल जुंपून दोन दिवस त्यानं मोट हाकली आणि अख्खी विहीर उपसली.

पण त्याआधी, पायरीवर पडल्या पडल्या बाबानं मला जवळ बोलावलं. मला वाटलं शाबासकी देतो.

"कळशी खालीच राह्यली," तो म्हणाला. "जा, घेऊन ये."

मी गेले आणि आणली.

लोक विचारतात, एवढं पोहत होतीस, पुढं काय झालीस? काही झाले नाही. तीन वर्षांनी लग्न झालं. सासरी नळ होता. पुन्हा कुणाचं डोकं मात्र पाण्यात दाबलं नाही, आणि सासूशी भांडण झालं तरी घरात माझा आवाज चढला नाही, तिचाच चढायचा.

त्या विहिरीत त्या दिवशी दोघं गेलो, दोघंही वर आलो. बाबा त्यानंतर नऊ वर्षं जगला आणि तांड्यावर आपल्या खाटेवर, दिवसाउजेडी, बायकोच्या हातचं पाणी पिऊन गेला. मी अजून आहे.