तिसरा टॅब

बाबा गेले त्या वर्षी मी दर रविवारी चर्चच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम करायचे. फुकट. गावाला वाटायचं, पोरगी बापाच्या आठवणीत सेवा करते. तसलं काही नव्हतं. घरी आई मागच्या ओट्यावर केळींकडे तोंड करून बसलेली असायची, ताटातलं अर्धं तसंच. मला रडू येत नव्हतं आणि तिला बोलावंसं वाटत नव्हतं. ती हळूहळू जगायचं सोडून देतेय हे मला दिसत होतं. दिसत होतं, एवढंच. ऑफिसात निदान पंखा होता.

फादरांनी जुन्या नोंदी कॉम्प्युटरवर घ्यायचं मनावर घेतलं होतं. मी प्रत्येक माणसासाठी तीन फॉर्म केले होते, स्नानसंस्कार म्हणजे बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू. मधल्या भानगडींशी चर्चच्या दप्तराला देणंघेणं नसतं. ऑफिस सांभाळायच्या त्या आमच्या शाळेतल्या निवृत्त टीचर. एका फॉर्मवरून दुसऱ्यावर जायचं तर पहिला बंद करा, मुख्य पानावर या, माणूस पुन्हा शोधा. आमच्याकडे एकाच नावाची माणसं ढिगाने. टीचर वैतागायच्या.

"बाय, फायलीला वर कागदाच्या जिभा काढतात ना, तसं काहीतरी कर बघू."

ऑक्टोबरच्या शेवटी मी फॉर्मच्या डोक्यावर तीन टॅब बसवले. तुम्ही ज्या माणसावर असाल तोच माणूस पुढच्या टॅबमध्ये आपोआप सोबत यायचा. मयताची खबर लोक बहुधा त्याच दिवशी देतात, म्हणून तिसऱ्या टॅबमध्ये आजची तारीख आपली आपण पडायची. केवढी हुशार मी.

नोव्हेंबर हा आमच्यात मृतांचा महिना. सुरुवातीलाच दफनभूमीत मिस्साची प्रार्थना होते आणि वर्षभरात गेलेल्यांची नावं वाचतात. आईला त्या सबंध वर्षात एवढी एकच गोष्ट हवी होती, बाबांचं नाव सगळ्यांसमोर नीट वाचलं जावं. यादीत आहे ना, हे विचारायला ती स्वतः ऑफिसात जाऊन आली. बाबांना पोचवून आल्यापासून कबरीशिवाय ती प्रथमच कुठे गेली होती.

त्या संध्याकाळी नावं वारल्याच्या तारखेप्रमाणे वाचत होते. प्रत्येक नावानंतर सगळे म्हणायचे, प्रभू, यांना शांती दे. बाबांचं नाव मध्यावर आलं. आईने मेणबत्ती या हातातून त्या हातात घेतली. आणि सगळ्यात शेवटी तिचंच नाव आलं, बाबांच्या नावासकट, आडनावासकट.

वाचणाऱ्याने आधी वाचलं आणि मग मान वर केली. आजूबाजूचे सगळे आमच्याकडे बघायला लागले. आई एकटीच म्हणाली, "प्रभू, यांना शांती दे."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने नीट ऐकलं होतं. ती घाबरली नव्हती की चिडली नव्हती, तिला ते पटल्यासारखं दिसत होतं. कित्येक महिन्यांनी मला काहीतरी वाटलं, आणि ती भीती होती.

झालं होतं एवढंच, की आई ऑफिसात गेली तेव्हा टीचरांनी कौतुकाने तिचं नाव काढून दाखवलं होतं. बघ तुझ्या लेकीने काय केलंय. हा तुझा स्नानसंस्कार, हे तुझं लग्न, आणि हा बघ, रिकामा. त्यांनी तिसरा टॅब नुसता उघडला. आई सोबत आली, तारीख पडली, आणि फॉर्म बंद करताना प्रोग्रॅमने मुकाट्याने नोंद करून टाकली. यादी त्यातूनच छापली.

शेजारीपाजारी येऊन म्हणाले, मरणाची खोटी बातमी आली की आयुष्य वाढतं. आई म्हणाली, "वाढून काय करू?"

पुढच्या रविवारी मी निघाले तशी तीही चपला घालून उभी. ऑफिसात टीचरांनी तिला माझ्या शेजारी खुर्ची दिली आणि त्या तिची दहादा माफी मागत राहिल्या. मी आईचं नाव काढलं, तिसरा टॅब उघडला आणि नोंद काढून टाकायचं बटण दाबलं. नोंद परत मिळणार नाही, नक्की का, असं प्रोग्रॅमने विचारलं. मी हो म्हटलं. फॉर्म कोरा झाला.

"झालं?" आईने विचारलं.

"झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

ती त्या कोऱ्या फॉर्मकडे बराच वेळ बघत राहिली. मग खुर्ची पुढे ओढून घेतली. तिच्या आवाजात मला किती तरी दिवसांनी घाई ऐकू आली.

"मग आता त्यांचं पन पुस."

टीचर उठून खिडकीशी गेल्या. मी म्हटलं, "आई, ते नाही पुसता येत."

"का? बटन तेच हाय ना?"

बटण तेच होतं. मी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मला रडू फुटलं, आणि ती माझ्याकडे न बघता पडद्याकडेच बघत होती.