रोहिणीला काढलं, सर्व्हर पडतच राहिला

मंडळी, आज घास गोड लागला नाही.

लोणावळ्यातल्या बंगल्यांचं बुकिंग घेणारी आमची वेबसाइट गर्दी वाढली की बंद पडायची. आमच्या टीममधल्या रोहिणीच्या कोडमुळेच पडते, असं ठरवून साहेबांनी तिला कामावरून काढलं. तरी सर्व्हर पडतच राहिला.

आज मी सर्व्हरला डीबगर, म्हणजे कोड नेमका कुठल्या ओळीवर अडकतो ते दाखवणारं साधन, लावून बसले. साइट पडली आणि चुकीची ओळ समोर आली. ती साहेबांनीच लिहिलेली होती.

त्यांना दाखवली, तर म्हणाले, "सापडलं ना? दुरुस्त कर, विषय संपला."

"आणि रोहिणी?"

"तिला आता कशाला सांगायचं?"

संध्याकाळी मी तळेगावला रोहिणीला फोन केला. ती म्हणाली, "एकदा डीबगर लावून बघा, एवढंच तर मी सांगत होते गं."

तुमच्या ऑफिसात अशा माणसाची माफी कोण मागतं?