कुंदनने सरळ धरलेलं विमान

योगिनीच्या घरचा मळा मखमलाबादला, झेंडू आणि शेवंतीचा. मुलगी विमानातून उड्या मारते, हे पाहुण्यांना सांगताना तिच्या वडिलांना अजूनही अवघडायला होई. येवल्याकडच्या माळावर एका खासगी धावपट्टीवर ती स्कायडायव्हिंग शिकवायची. हौशी माणसाला आपल्या पुढ्यात पट्ट्यांनी बांधून घ्यायचं आणि उडी मारायची, हे तिचं काम.

त्या रविवारी तिच्याबरोबर निकिता होती, नाशिकची दातांची डॉक्टर. पहिलीच उडी. विमान चालवत होता मनमाडचा कुंदन.

उडीची उंची जवळ आली तशी योगिनीने निकिताला आपल्याशी जोडणाऱ्या चार हुकांपैकी वरचे दोन अडकवले. तेवढ्यात उजवीकडे धाडकन आवाज झाला आणि विमान कललं. तिने खिडकीतून पाहिलं. पंखाला खालून आधार देणारी दांडी जोडापाशी चिरली होती आणि हिसके खात होती. पंखाच्या पत्र्याला सुरकुत्या पडत होत्या.

"कुंदन, दांडी चिरलीय."

"दिसतंय. दार उघड, निघा तुम्ही." त्याचा आवाज कापत होता.

"आणि तू?"

"मी आत्ता सोडलं तर हे गरगरेल, तुम्हाला निघताच येणार नाही. जा."

त्याच्याही पाठीवर पॅराशूट होतं. त्या भरवशावरच तिने पाठ फिरवली.

खालचे हुक बाकी होते. निकिता आक्रसून बसली होती, पट्टा तिच्याखाली अडकलेला. "कंबर उचला," योगिनी ओरडली. निकिताला ऐकूच गेलं नाही. योगिनीने तिला गुडघ्याने रेटून वर उचललं. तिसरा हुक बसला. चौथा निसटला, मग तोही बसला. दार उघडून दोघी वाऱ्यात पडल्या.

वर पाहिलं तर पंख मोडून वेगळा झाला होता. पॅराशूट लगेच उघडलं असतं तर वरून येणारे पत्रे त्यातच अडकले असते. दोरीकडे गेलेला हात तिने मागे घेतला आणि बाजूला सरकत ती पडत राहिली. विमानाचं धड गरगरत शेजारून खाली गेलं. दार उघडंच होतं, पण कोणी बाहेर आलं नाही. मग तिने दोरी ओढली.

दोघी कांद्याच्या वावरात उतरल्या. निकिताचा घोटा मोडला, एवढंच. कुंदन विमानातच गेला. दांडीच्या जोडाला रंगाखाली जुनी चीर होती, असं पुढे चौकशीत निघालं.

तेरावं झाल्यावर योगिनी मनमाडला त्याच्या आईकडे, नवसाबाईंकडे गेली. तो घाबरला नव्हता असंच सांगायचं, हे तिने वाटेत ठरवलं होतं.

"घाबरला व्हता का गं तो?" नवसाबाईंनी विचारलं.

ठरवलेलं तोंडातून निघेना. "हो, मावशी. आवाज कापत होता त्याचा. पण आम्ही सुटेपर्यंत विमान सरळ धरलं त्याने."

नवसाबाई म्हणाल्या, "लोक म्हणत्यात, त्याला भीती ठाऊकच नव्हती. मला पटत नव्हतं. जत्रेतल्या पाळण्यात बसायला लय भ्यायचा तो."

योगिनी त्या दिवसानंतर पहिल्यांदाच रडली. नवसाबाईंनी तिला रडू दिलं.

पुढच्या हंगामात ती पुन्हा उड्या मारू लागली. मनमाडला मात्र ती सवड काढून जातेच.